तार नसलेला माईक

नात भंडाऱ्याला कॉलेजात जाते. मागच्या महिन्यात ती मोबाईलवर काहीतरी वाचत एकटीच हसत होती. मी विचारलं, काय आहे. ती म्हणाली, परदेशात दोन गडी होते. दिसायला देखणे, नाचायला पटाईत. त्यांची गाणी जगभर वाजत होती, मोठं बक्षीसही मिळालं होतं. एकदा भर कार्यक्रमात टेप अडकली आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजायला लागली. पुढं कळलं, गळा त्यांचा नव्हताच. गाणारे दुसरेच होते, हे नुसते ओठ हलवायचे.

"मंग?"

"मंग काय आजी, बक्षीस वापस घेतलं त्यायचं."

"अन् जे गायले होते, त्यायले काय भेटलं?"

तिनं बोटानं खालीवर करून पाहिलं. "त्यायचं काई दिसून नाई राहिलं इथं."

मी विचारलं, कारण ते काम मी केलेलं आहे.

माझं माहेर शहापूरजवळच्या एका खेड्यात. आम्ही दोघी बहिणी. थोरलीला मी बाई म्हणायचे, घरात मला लहानी म्हणत. बाई गोरी, उंच, दहावीपर्यंत शिकलेली. मी चौथीतून काढलेली, धानाच्या बांधीतल्या चिखलात वाढलेली. पण गळा माझ्याकडं होता. रोवणीच्या वेळी बायकांच्या रांगेत गाणं मी उचलायचे आणि बाकीच्या मागून म्हणायच्या. बाईचा आवाज फुटक्या घागरीसारखा. हे मी जळून लिहीत नाही. ती स्वतःच म्हणायची.

एका वर्षी गणपतीत मुलींचा कार्यक्रम ठरला. तेव्हा रेडिओवर एक हिंदी सिनेमाचं गाणं सारखं वाजायचं. मंडळाच्या पोरांना ते गाणं पाहिजे होतं आणि स्टेजवर दिसायला आमची बाई पाहिजे होती. त्यांनी तोड काढली. बाईसमोर तार नसलेला माईक उभा केला आणि खरा माईक पडद्यामागं माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, मी नाही गात. बाईनं माझी हनुवटी धरली. "गाय ना वं लहाने. गाणं झालं का मी सोता पडदा सारून तुले सामोर आणतो."

मी गायले. भोंगा शेजारच्या गावापर्यंत ऐकू जायचा. टाळ्या पडल्या. मी पदर सारखा करून उभी राहिले. पडदा कोणी सारला नाही. बाई तिकडच्या बाजूनं उतरून घरी निघून गेली होती.

शेजारच्या गावी लाखनीकडचा एक मुलगा पाहुणा आला होता. भजनी मंडळात पेटी वाजवायचा. तो तलावाच्या पाळीवर उभा होता, भोंग्यातून गाणं ऐकलं आणि सायकल मारत मांडवात आला. माईकसमोर बाई दिसली. आठ दिवसांत त्याच्या घरचे पाहायला आले. त्यानं एकच मागणं केलं, मुलीनं गाणं म्हणावं.

माय पटकन बोलली, "घसा बसला तिचा. गणपतीत लय जोरानं गायली न."

मी तेव्हा पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. बाईनं माझ्याकडं पाहिलं नाही. बाबांनी सुपारी कातरायला घेतली. मुलगा हसून म्हणाला, "राहू द्या. आमी त आयकलंच आहे."

सगळ्या गावाला खरं माहीत होतं. पण मुलीचं जमत असताना कोणी मोडता घालत नाही. आतल्या खोलीत मायनं मला सांगितलं, आता तू गाऊ नको. लग्न होईपर्यंत.

लग्न झालं. मग म्हणाली, बाईचं बस्तान बसेपर्यंत. मग मलाही बाईच्या सासरच्याच गावात दिलं, ओळखीचं गाव म्हणून. तिथं तर तोंड उघडायची सोयच राहिली नाही. रोवणीला बायका चिडवायच्या, "काहून वो, तोंडात चिखल कोंबला का?" मी वाकून रोपं लावत राहायचे. पोरांना झोपवताना नुसती थोपटायचे. माझा नवरा चांगला माणूस होता. मी गाते हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही.

बाईचं वेगळंच. दर सणाला तिला गायला सांगायचे आणि ती घशावर हात ठेवायची. नवऱ्यानं भंडाऱ्याला डॉक्टर केले, वैद्य केले. बाई जन्मभर मिठाच्या गुळण्या करत राहिली. एकदा मी तिला म्हटलं, आता दोघींचीही पोरं मोठी झाली, सांगून टाक. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "तुले कायले पाह्यजे आता? गाऊन कोणता हार भेटणार होता तुले?"

मी त्यानंतर तिच्याकडं सणाला गेले नाही.

बाई गेल्या हिवाळ्यात गेली. नातीनं ते परदेशातल्या गड्यांचं सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेले. भाऊजी ओसरीत बसले होते. त्यांनी आपणच विषय काढला. "माह्या घरात आली अन् तिचा गळा गेला, लहाने. जलमभर हेच वाटत आलं मले. आपल्याच घरात काई खोट आहे."

मी म्हटलं, "भाऊजी, ते गाणं तिनं नाई, मीनं म्हटलं होतं. पडद्यामागून. तिच्यासमोरच्या माईकले तारच नवती."

 त्यांनी उठून आतून पेटी आणली, भाता सोडला आणि एक सूर दाबून धरला.

"गाय मंग."

मी तोंड उघडलं. कोरड्या हातपंपातून येतो तसा आवाज आला. पुन्हा प्रयत्न केला. नुसता वारा. इतकी वर्षं बंद ठेवलेला गळा तो, मागितल्याबरोबर काय देणार? भाऊजींनी सूर सोडला. त्यांना राग आला नव्हता. माझी कीव आली होती.

"असू दे. बहीण गेली का माणूस काईबाई बोलते."

मग ते स्वतःच ते गाणं गुणगुणायला लागले. म्हातारा गळा, पण चाल पक्की. एका ओळीत 'बहार' असा शब्द आहे. मला तेव्हा हिंदी कुठं येत होतं? रेडिओवर मला तो 'बाहेर' असा ऐकू आला होता आणि मी भोंग्यातून तसाच म्हटला होता. भाऊजी त्या जागेवर आले आणि त्यांनी 'बाहेर' म्हटलं.

मी हात धरून त्यांना थांबवलं. "पाहा. हे चूक माही आहे. बाई दहावी शिकली होती, ते कायले बाहेर म्हणन?"

त्यांनी पेटीवर कापड टाकलं. बाईच्या जुन्या लुगड्याचं होतं.

"तिनंच म्हटलं होतं तसं," ते म्हणाले. "लग्न झाल्यावर मी कितीदा चिडवलं तिले, अवं बाहेर नाई, बहार आहे म्हणून. ते नुसती हासे."

सुनेनं चहा आणला होता. मी तो घेतला नाही, चप्पल घालून निघाले.