चार वर्षांचा मामा

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे. नाव त्यांनाही होतं, पण ते सहीपुरतं. इमारतींचे वॉचमन, हॉस्पिटलातल्या नर्सा, ऑफिसांतले साहेब, सगळ्यांचे ते मिस्त्रीच. घरी बायकोसुद्धा रागावली की "अहो मिस्त्री" म्हणून हाक मारायची. केबिनच्या छतावर उभं राहून अंधाऱ्या शाफ्टमध्ये काम करायचं, वर दोर, खाली खड्डा, हातात बॅटरी आणि ग्रीसचा डबा. पण माणूस थट्टेखोर. लिफ्टमध्ये कोणी अडकलं की दार उघडेपर्यंत बाहेरून त्याच्याशी गप्पा मारणं ही त्यांची खासियत. आतून रडण्याचा आवाज आला की विचारायचे, "घरी भांडून निघालात का? मग घाई कसली, बसा की निवांत." आतला माणूस रडता रडता हसायचा, आणि तोवर दार उघडलेलं असायचं.

लेक नववीत असताना ते पडले. ते शाफ्टमध्ये उतरत होते आणि खाली कुणीतरी न विचारता मेन स्विच चालू केला. केबिन सरकली, पायाखालचा आधार गेला आणि मिस्त्री दोन मजले खाली आदळले. डावा पाय दोन ठिकाणी मोडला. ते अर्धं वर्ष खाटेवर होते. बायको कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करायची, ती जादा पाळ्या करू लागली. लेक खाटेच्या पायथ्याशी पुस्तकं मांडून बसायची आणि मोठ्यानं वाचायची. मिस्त्री म्हणायचे, रसायनशास्त्राचा एक धडा ऐकला की झोपेची गोळी लागत नाही. पाय बरा झाला, पण चाल गेली ती गेलीच. त्यानंतर ते कायम एका अंगावर झुकून चालायचे.

पोरगी हुशार निघाली. शहरात एक नावाजलेलं खाजगी कॉलेज होतं. त्याच्या फीचा आकडा ऐकून मिस्त्रींनी तो विषयच बंद केला होता. पण तिथे गुणवत्तेवर काही मोजक्या मुलांना शिष्यवृत्ती मिळायची, शिकणं, राहणं, जेवण सगळं आलं त्यात. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. लेखी परीक्षेत तिचा नंबर वरचा लागला आणि घरात सगळ्यांचा जीव मुलाखतीवर टांगला गेला.

मुलाखतीची तयारी शेजारच्या गल्लीतल्या क्लासच्या बाईंनी करून घेतली. बाईंचं म्हणणं असं, की तिथे मार्क सगळ्यांनाच चांगले असतात. समोरचे विचारतात, आयुष्यातला एखादा कठीण प्रसंग सांग. तेव्हा गोष्ट अशी सांगायची की ऐकणाऱ्याचा श्वास अडकला पाहिजे, आणि जिथे अडकेल तिथेच थांबायचं. पुढे 'मग सगळं ठीक झालं' असं शेपूट लावायचं नाही. लेकीनं बापाच्या पडण्याची गोष्ट निवडली. रोज संध्याकाळी ती आरशासमोर ती गोष्ट म्हणायची आणि मिस्त्री स्वयंपाकघरातून सुधारणा सुचवायचे. पडतानासुद्धा हातातला पाना सोडला नाही, हे घालच, असा त्यांचा आग्रह होता. ती म्हणायची, बाबा, पाना तुम्ही सोडला होता, तो आधी खाली पडला.

मुलाखतीला तिघांनी जायचं ठरलं होतं. मिस्त्रींनी रजा काढली, शर्टाला इस्त्री केली, आणि निघायच्या वेळी हॉस्पिटलातून निरोप आला की पेशंटचं स्ट्रेचर आत असताना लिफ्ट अडकली आहे. अशा वेळी नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मायलेकी दोघीच गेल्या. आई बाहेरच्या बाकावर बसली. लेक आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. बरं झालं का, असं आईनं विचारलं तर नुसती मान हलवली.

आठवड्याभरात कळलं, शिष्यवृत्ती मिळाली. मिस्त्रींनी कामावर सगळ्यांना चहा पाजला. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून फोन आला. मुलाखत घेणाऱ्यांत ज्या मुख्य मॅडम होत्या त्यांचाच. त्यांना मुलीच्या आईशी बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, नवरा असा काम करताना गेला, तरी तुम्ही एकटीनं लेकीला इथवर आणलंत, मला तुमचं कौतुक वाटतं. आई फोन कानाला लावून समोर बघत होती. समोर मिस्त्री बनियनवर बसून चहात बिस्किट बुडवत होते. तिच्या तोंडून 'हो' आणि 'बरं' याखेरीज काही निघालं नाही.

मग लेकीनं सांगितलं. तिनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. बाबा शाफ्टमध्ये पडले, आई कारखान्यातून धावत आली, मी दारात उभी होते, इथपर्यंत सांगून ती बाईंनी शिकवल्याप्रमाणे थांबली. मॅडमनी चष्मा काढला. शेजारचे सर म्हणाले, तुला आणि आईला खूप सोसावं लागलं. कोणीतरी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की या खोलीत बाबा गेलेले आहेत. नाही, ते घरी आहेत, एवढंच म्हणायचं होतं. ते तिला जमलं नाही.

आई म्हणाली, आत्ताच्या आत्ता फोन कर आणि सांग. लेक रडत म्हणाली, की आता सांगितलं तर मी फसवलं असं होईल, शिष्यवृत्ती काढून पुढच्या नंबरच्या मुलीला देतील. मिस्त्रींचं बिस्किट केव्हाच कपात विरघळलं होतं. त्यांनी चमच्यानं ते काढायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

"चार वर्षांचाच तर प्रश्न आहे," ते म्हणाले. "मेलेल्या माणसाला काम काय असतं? पडून राहायचं. मला सवय आहे."

"शेवटच्या दिवशी मी स्वतः सांगेन मॅडमना," लेक म्हणाली. "तुम्हाला शेजारी उभं करून सांगेन. शपथ."

आईनं मात्र सांगून टाकलं, की नवरा जिवंत असताना मी विधवा म्हणून तिथे पाय ठेवणार नाही. ज्या दिवशी ही खरं सांगेल त्या दिवशी येईन. त्यामुळे होस्टेलवर सामान पोचवायला मिस्त्रीच गेले. लंगडत लंगडत ट्रंक वर नेली. दारातल्या वॉर्डनबाईंनी विचारलं, हे कोण? लेकीनं क्षणभर बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, मामा.

खऱ्या मामानं, म्हणजे बायकोच्या टेम्पो चालवणाऱ्या भावानं, हे ऐकून मिस्त्रींचा पिच्छाच पुरवला. "दाजी, माझी जागा बळकावलीत. आता तुम्ही माझ्या बहिणीचे कोण, भाऊ? मग या घरात राहता कसे?" मिस्त्रीही हसले. घरात हसली नाही ती एक बायको.

मामा होण्यात पहिल्यांदा गंमत वाटली, हे खरं. लेक बापाला 'तुम्ही' म्हणायची आणि मामाला 'तू'. मैत्रिणी जवळ असल्या की फोनवर म्हणायची, मामा, जेवलास का, पाय दुखतोय का तुझा? बापाला कधी न मिळालेलं 'तू' असं आडवाटेनं मिळत होतं. पण दिवस जाऊ लागले तशी गंमत जिरली. सुटीत घरी आल्यावरही एकदोनदा ती 'मामा' म्हणून गेली आणि जीभ चावली. मिस्त्रींनी ऐकू न आल्यासारखं केलं.

ती मात्र झपाटल्यासारखी अभ्यास करायची. दरवर्षी पहिली. तिसऱ्या वर्षी घरी आली असताना तिनं विचारलं, ती गोष्ट सांगितली नसती तरी मला घेतलं असतं का हो? मिस्त्री म्हणाले, म्हणजे काय, घेतलंच असतं. तुम्हाला काय माहीत, असं म्हणून ती उठून गेली. खरंच, कुणालाच माहीत नव्हतं, आणि आता ते कळायला वाटही नव्हती.

पदवीच्या दिवशी मिस्त्रींनी नवा शर्ट घातला. बायकोनंही चांगले कपडे काढून ठेवले होते. खरं सांगितल्याचा फोन आला की रिक्षा करून येते, म्हणाली. कॉलेजच्या हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या, लोक घोळक्यानं फोटो काढत होते. लेक पदवी हातात घेऊन आली. आता ती कोणी काढून घेणार नव्हतं. मॅडम आपण होऊनच त्यांच्याकडे आल्या. केस पांढरे झाले होते, बोलणं प्रेमळ. त्या मिस्त्रींना म्हणाल्या, की दरवर्षी नव्या मुलांना मी तुमच्या भाचीची गोष्ट सांगते. परवा पाहुण्यांसमोरही सांगितली. पुढच्या शिक्षणासाठी पत्र देतेय, त्यातही लिहिली आहे.

लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण रंग उतरला.

"मॅडम," ती म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

"बोल की."

पदवीची गुंडाळी तिनं दोन्ही हातांनी धरली होती. मिस्त्री तिच्याकडे बघत होते. तिचे ओठ उघडले, पुन्हा मिटले. आयुष्यभर ते बंद दारांच्या बाहेर उभे राहून आतल्या माणसाला धीर देत आले होते. आत्ता नुसतं 'बोल' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण ती बोलेल की नाही हे त्यांना कळत नव्हतं, आणि ती बोलली नाही तर ते आपल्याच्यानं बघवणार नाही, एवढं कळलं.

"तिला तिच्या बाबांची आठवण येतेय," मिस्त्री म्हणाले. "आज तो असायला हवा होता."

मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी मिस्त्रींचा हात हातात घेतला. "तुम्ही त्याची उणीव भासू दिली नाहीत."

"नाही हो. बापाची जागा कुणाला घेता येते?"

मॅडम लेकीच्या गालाला हात लावून पुढच्या घोळक्याकडे गेल्या.

बसमध्ये दोघं शेजारी बसले. ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मी सांगणार होते. तुम्ही मधेच बोललात."

"हो," मिस्त्री म्हणाले. "माझंच चुकलं."

तिनं पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगायचं, हे ते सबंध वाटभर जुळवत होते.

घरी बायको तयार होऊन दाराशी खुर्ची टाकून बसली होती. फोन शेजारी होता. दोघांना येताना पाहून ती उठली आणि आधी लेकीच्या, मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"गर्दी फार होती," मिस्त्री म्हणाले.

ती आत गेली, दार लोटून घेतलं, आणि थोड्या वेळानं घरचे कपडे घालून बाहेर आली.