नवागामच्या नळावर माझी माय

सुरतला जायचा हट्ट माझाच होता. पुढे कित्येक वर्षं लोकांना वाटायचं की नवऱ्यानं मला तिकडे नेलं. खरं उलटं आहे. हे गावी सुखात होते. थोरल्या भावाच्या पिठाच्या गिरणीवर बसायचे, संध्याकाळी पारावर गप्पा मारायचे, आणि याहून वेगळं काही असावं असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

मला वाटलं. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी, अमळनेरजवळच्या आमच्या गावी गेले होते. आमच्याच गल्लीतली एक लेक सुरतहून आली होती. अंगावर अशी साडी की हात लावला तर निसटून जावी. झोक्यावर बसून ती सांगत होती, की तिथे रस्त्यावर दिवे असतात, रविवारी सगळे डुमसला समुद्रावर जातात, बायका नवऱ्याबरोबर बाहेर उभ्याने आइस्क्रीम खातात आणि कोणी वळूनसुद्धा बघत नाही. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. दहावी पास. सासरच्या घरात सासू, दोन जावा, एक चूल आणि कोणाच्या तरी नजरेखालचा सगळा दिवस. त्या झोक्यावरच माझं ठरलं.

यांना राजी करायला चार महिने लागले. "तिथे आपलं कोण आहे?" एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारायचे. "लोक आहेत की, लाखो," मी म्हणायचे.

मायनं मात्र अडवलं नाही. निरोप देताना फक्त म्हणाली, "जाय बेटा. चिठ्ठी लिखत ऱ्हाय."

सुरतच्या नवागाम भागात एका चाळीत खोली मिळाली. वर पत्रा, पुढे दीड हात ओटा, आणि चाळीच्या तोंडाशी सगळ्यांचा मिळून एक नळ. यांना कापडाच्या लूमच्या कारखान्यात काम मिळालं, सकाळी आठ ते रात्री आठ. पहिल्या दोन रविवारी आम्ही खरंच हिंडलो. डुमसची गरम भजी खाल्ली, तापीच्या पुलावर उभे राहिलो, मोठ्या दुकानांच्या काचांमधल्या साड्या पाहिल्या. त्या झोक्यावरच्या पोरीनं एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं.

पण रविवार सोडून सहा दिवस उरायचे. हे गेले की मी आणि खोली. सुरतला आलोच आहोत तर आता गावाकडची अहिराणी सोडायची, नीट मराठी बोलायची, असं मीच ठरवलेलं, आणि बाहेर तर मराठीही कोणाला नको होती. एकदा भाजीच्या गाडीवाल्यानं विचारलं, "डुंगळी आपुं?" मला कळेना. तो कांदा उचलून हसला, बाजूच्या दोघी हसल्या. त्या दिवसापासून मी बोट दाखवूनच भाजी घ्यायला लागले. नळावर खाली मान घालून हंडा भरायचा आणि दार लावून घ्यायचं.

त्यात आणखी एक गोष्ट. बारा तास त्या यंत्रांच्या खडखडाटात राहून हे घरीही ओरडून बोलायला लागले. "मीठ दे" असं म्हटलं तरी मला वाटायचं, रागावले. एकदा मी ताटावरून उठून रडले, तर बिचारे घाबरून आणखीच मोठ्यानं विचारायला लागले, "काय झालं? काय झालं?" यांना मात्र कारखान्यात सोबती मिळाले होते. धुळ्याकडचे दोघे, एक नंदुरबारचा. जो माणूस यायला तयार नव्हता तो रमला आणि जिनं ओढून आणलं ती भिंती पुसत बसली. कोणत्या तोंडानं सांगणार?

चिठ्ठ्या मी लिहीत होते. मायला वाचता येत नव्हतं. माझी बालमैत्रीण तिला वाचून दाखवायची आणि उत्तरही तीच लिहायची. मी समुद्र लिहिला, दिवे लिहिले, यांचं काम चांगलं चाललंय ते लिहिलं. आठ महिन्यांनी मैत्रिणीचं जे पत्र आलं त्यात खाली वेगळ्या शाईत दोन ओळी होत्या: "तुझी माय विचारते, एवढी पत्रं आली पण त्यात एकाही शेजारणीचं बोलणं नाही. पोर दिवसभर बोलते तरी कोणाशी?"

मी त्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं नाही. पंधरा दिवसांनी सकाळी दार वाजलं. उघडलं तर माय. नऊवारी, डोक्यावर पदर, पायाशी एक गोणपाट. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लांब आगगाडीनं आली होती. गावातला एक ओळखीचा माणूस सुरतला कामाला होता, तो दारापर्यंत सोडून निघून गेला.

मी गळ्यात पडले. मग सावरून म्हणाले, "सगळं छान आहे बघ माय इथे."

ती खोलीभर फिरली. फडताळावरचे डबे पाहिले. इतके घासलेले होते की त्यात तोंड दिसत होतं. तिनं एका डब्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तू कोना घर जास आठे?"

इथे तू कोणाच्या घरी जातेस? मला एकही घर सांगता आलं नाही. माय खाली बसली. गोणपाट सोडलं आणि वांगी, ज्वारीच्या बिबड्या, भाकरीसाठी कळण्याचं पीठ एकेक काढून ठेवायला लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर हंडा जागेवर नव्हता. धावत नळावर गेले. चाळीच्या टोकाला एक गुजराती म्हातारी राहायची, सगळे तिला बा म्हणायचे. नळावर तिचा दरारा असा की मी तिच्यापुढे कधी मान वर केली नव्हती. माय नेमकी तिच्याच शेजारी उभी राहून खणखणीत अहिराणीत बोलत होती. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. आता बा झिडकारणार, बाया हसणार.

कोणी हसलं नाही. बा विचारत होती, "केटला दिवस रहेशो?"

"आठ दिन शे मी."

बानं आपली बादली सरकवून मायचा हंडा नळाखाली ओढला. "मारे पण दीकरी छे," ती म्हणाली. "बहु दूर."

माय माझ्याकडे बोट करून म्हणाली, "मनी बी आंडेर दूर शे. हाई."

बानं पहिल्यांदाच मला नीट पाहिलं. मी तिथेच उभी राहून ऐकत राहिले. एकीचं छे, दुसरीचं शे; एकीची दीकरी, दुसरीची आंडेर, लेक दोघींचीही लांब. जी बोली मी शहरात शोभत नाही म्हणून घडी घालून ठेवली होती, तिच्याच जोरावर माय गुजराती बाशी सुखदुःखाचं बोलत होती.

तिसऱ्या दिवशी मायला भरीत करायचं होतं. आमच्या स्टोव्हवर वांगी नीट भाजली जाईनात. "बाना घर शेगडी शे," म्हणत ती वांगी पदरात घेऊन निघालीही. बाच्या ओट्यावर लाकडाच्या भुशाची शेगडी होती. वांग्यांची सालं तडतडायला लागली आणि तो वास चाळभर पसरला. दोन दारं सोडून राहणारी एक बाई लेकराला कडेवर घेऊन बाहेर आली आणि चक्क मराठीत म्हणाली, "अगं बाई, भरीत! कुठल्या गावच्या तुम्ही?"

ती भुसावळकडची निघाली. नवरा रेल्वेत, उधना स्टेशनात. नळावर ती हिंदी बोलायची म्हणून मला वाटायचं ती कुठली तरी लांबची. "आणि मला वाटायचं तू मुकी आहेस," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की लेकरू रडायला लागलं. त्या दुपारी तिच्याच घरी, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली बसून आम्ही चौघी जेवलो. बानं बाजरीचे रोटले आणले होते. सुरतमध्ये दुसऱ्याच्या घरी जेवायची माझी ती पहिलीच वेळ.

तरीही सातव्या दिवशी माय गोणपाटाची घडी करायला लागली आणि माझा धीर सुटला. "माले बी लई चाल, माय." मलाही घेऊन चल. किती महिन्यांनी तोंडून अहिराणी आली.

मला वाटलं, ती समजूत घालील. तिनं फक्त म्हटलं, "चाल."

त्या संध्याकाळी यांना लवकर सुटी मिळाली होती. मी घाबरत घाबरत सांगितलं. यांनी हातातला जेवणाचा डबा खाली ठेवला. मग त्यांच्या मते हळू आवाजात, म्हणजे अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असे, म्हणाले, "तुला करमत नसेल तर मीपण येतो! गिरणी काय, आहेच!"

ते चाळीनं ऐकलंच. मग दारात बा. "क्यां जाय छे?" तिच्यामागे भुसावळची, हात पिठाचे. "कुठं चाललीस? परवा माझ्या पोराचं जावळ आहे, मी कोणाच्या जिवावर सगळं ठरवलंय?"

मी यांच्याकडे पाहिलं. ज्यांना इथे आणायला चार महिने लागले, ते एका वाक्यात परतायला तयार झाले होते. ओरडून बोलणारा हा माणूस माझ्यावर कधीच ओरडला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

"जावळ होऊ दे," मी म्हणाले. "मग बघू."

उधना स्टेशनवर मी मायला सोडायला गेले. आठ दिवस ती एकदाही हळवी झाली नव्हती. गाडी दिसली तेव्हा मात्र माझा हात तिनं घट्ट धरला. "तुनाबिगर माले तठे करमत नही," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत डब्यात चढली. तेव्हा मला समजलं, मी "लई चाल" म्हटल्यावर ती एका शब्दात का हो म्हणाली होती. न्यायला तर तिला हवंच होतं.

जावळ झालं. मग बघू म्हटलेलं बघायचं राहून गेलं. दोन वर्षांनी त्याच चाळीत मला मुलगी झाली, आणि पहिली अंघोळ तिला बानं घातली. पुढे आम्ही सुरतमध्येच भेस्तानला राहायला गेलो. माय दर हिवाळ्यात यायची. आली की एक दिवस माझ्याकडे थांबायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन म्हणायची, मी जरा नवागामला, बाच्या घरी जाऊन येते. संध्याकाळपर्यंत काही परतायची नाही.