पाच दिवसांचा गणपती आणि खाणीतलं पाणी

"पंप कोणी बंद केला?" देसाई सर फोनवर ओरडत होते.

"मी."

"कोणाच्या परवानगीने? अनंत चतुर्दशीच्या आत घाट झाला पाहिजे, मॅडम!"

"सर, आधी वरची घरं वाचू देत. घाटाचं मग बघू."

मी लँडस्केप आर्किटेक्ट. देसाई सर आमच्या फर्मचे मालक. मुलुंडच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीची बाग करायचं काम आमच्याकडे होतं. खाणीत मोठं तळं साचलेलं. त्याच्या काठाला विसर्जनासाठी पायऱ्यांचा घाट. खालच्या पायऱ्यांचं काँक्रीट राहिलं होतं, म्हणून कॉन्ट्रॅक्टरने ऐन गणपतीत तळं उपसायला घेतलं. मला न विचारता. दुसऱ्या दिवशी सकाळी साइटवर आले, तर पाणी पार खाली गेलेलं. मी आधी पंप बंद करायला लावला.

खाणीच्या तीन बाजू अखंड काळा दगड. चौथी बाजू मात्र भरावाची, म्हणजे खाणीचा चुरा, माती आणि नंतर लोकांनी ओतलेलं डेब्रिज. त्यावर घरांची एक रांग. तळं भरलेलं असतं तोवर पाणी अशा उताराला बाहेरून टेकू देतं. ते घाईने उपसलं की टेकू जातो, पण भरावात मुरलेलं पाणी आतच राहतं आणि बाहेर ढकलत राहतं. आम्ही याला रॅपिड ड्रॉडाउन म्हणतो. साध्या भाषेत, वाट लागली.

शेवटच्या घरामागे जमिनीला भेग दिसली. अमेयने, आमच्या साइट इंजिनिअरने, भेगेवर आडवा प्लास्टरचा पट्टा लावला. पट्टा तडकला तर समजायचं, जमीन सरकतेय. फायर ब्रिगेडला फोन केला. ते निघाले होते, पण रस्त्यात मिरवणुका.

रांगेतली बाकी घरं कुलूपबंद, माणसं गणपतीला गावी गेलेली. शेवटच्या घरात मात्र परब काका-काकू होते. काकूंचे गुडघे गेल्यापासून त्यांनी गणपती इथेच आणायला सुरुवात केली होती.

"काका, आत्ताच्या आत्ता बाहेर चला."

"गणपती बसलो हा घरात," काका शांतपणे म्हणाले. "तेका एकटो टाकून खंय जाव?"

"मग त्यालाही घेऊन चला."

"उत्तरपूजा केल्याशिवाय हलवचो नाय. आणि आमचो पाच दिसांचो. आज कसो पोचवू?"

मला राग आला. पण माझं माहेर कणकवलीकडचं. बाप्पा बसलेला असताना घर रिकामं ठेवत नाहीत, हे मला कोणी सांगायला नको होतं. माझे वडीलही हललेच नसते.

"मॅडम!" अमेय मागच्या दारातून ओरडला. "पट्टा तडकला!"

या माणसाला भराव समजावण्यात अर्थ नव्हता. त्याला फक्त एकाचीच परवानगी हवी होती.

"काका," मी म्हटलं, "गाऱ्हाणं घाला. तेकाच विचारा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकूंनी मान हलवली. काकांनी घाईघाईने उत्तरपूजा केली आणि हात जोडले.

"बा देवा महाराजा, आज आमच्यार वेळ इली हा. पाच दिस ठेवचो होतो, पण आजच पोचवतंव. चुकला-माकला पोटात घे, रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" काकू म्हणाल्या, मी म्हटलं, आणि दारात उभा असलेला डोंबिवलीचा अमेयही म्हणाला.

काका मूर्ती उचलून बाहेर पडले. उंबऱ्यावर काकू थबकल्या. "मोदकपात्र रवला." त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. मी त्यांचं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले. त्या मला शिव्या देत बाहेर आल्या.

आम्ही पलीकडच्या दगडी बाजूला पोचलो, तेव्हा फायर ब्रिगेडची गाडी वळणावर दिसत होती. तेवढ्यात भरावातून घरघर आली. उतार हळूच खाली बसला आणि परबांचं स्वयंपाकघर सोबत घेऊन तळ्यात गेला. काकूंच्या शिव्या थांबल्या.

देसाई सर आले तेव्हा काका दगडी बाजूच्या अर्धवट घाटाच्या पायरीवर मूर्ती धरून उभे होते. सरांनी भराव कोसळून वर चढलेल्या गढूळ पाण्याकडे पाहिलं. मग त्यांनी बूट काढले आणि मूर्तीला हात लावला. त्या घाटावरचं पहिलं विसर्जन ते.

परबांना भाड्याची खोली मिळाली, स्वतःचं घर अजून नाही. उतार नव्याने बांधून बाग मात्र झाली. हल्ली कुठल्याही खाणीतलं पाणी उपसायची गोष्ट निघाली की मी आधी दोन प्रश्न विचारते. वर कोण राहतं? आणि त्यांचा गणपती किती दिवसांचा?