चार नंबरच्या खोलीखालचा आड

आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक कोणती, असं चंद्रप्रभाबाईंना विचारा. एका दमात सांगतील, आड बुजवला ती. बाकीच्या चुका त्या मार्तंडरावांच्या नावावर खपवतात, कारण नवरा आता उलट बोलायला उरलेला नाही. ही एक मात्र स्वतःच्या पदरात घेतात.

आड होता लातुरात, घराच्या परसात. बहात्तरच्या दुष्काळात गल्लीतल्या विहिरी एकेक करून तळाला गेल्या, पण हा पठ्ठ्या हटला नाही. सासऱ्यांनी तो सगळ्यांना मोकळा केला, अगदी बुद्धनगरातल्या बायांनासुद्धा, आणि भाऊबंदांचे टोमणे निमूट ऐकून घेतले. चंद्रप्रभा तेव्हा नवी नवरी. माहेर नांदेडचं, गोदावरीकाठचं. पाणी शेंदायची सवय कुठली? दोन दिवसांत तळहाताला फोड आले. खडी फोडायच्या कामावर जाणारी बुद्धनगरातली भामा ते बघून हसली. "वैनी, दोर तुमी ओढायलात की दोर तुमाला?" म्हणाली, आणि पोहरा स्वतः वर घेतला.

तिथून दोघींचं जमलं. पुढं पाऊस पडला, बुद्धनगरात हातपंप आला, तरी भामा दहा वर्षं रोज सकाळी दोन घागरी न्यायला येत राहिली. त्या घटकाभरात चंद्रप्रभा जे बोलायची, ते नवऱ्याशी जन्मात बोलली नाही.

मग ब्याऐंशीला लातूर जिल्हा झालं आणि गाव अंगात आल्यासारखं करू लागलं. साहेब आले, कारकून आले, त्यांना राहायला खोल्या पाहिजेत. लोकांनी गोठे पाडून खोल्या काढल्या. गावाबाहेरच्या माळावर चुन्याच्या रेघा ओढून प्लॉट पडले. भामानं एकदा आडावर विचारलं, "वैनी, आमचे मालक म्हंतेत एक प्लॉट घिऊ. घिऊ का?" ओसरीवरून मार्तंडराव हसले. शाळेत कारकून माणूस, जमिनीचं सगळं आपल्यालाच कळतं असा थाट. "तिथं कोल्हे राहतात गं, कोल्हे!" भामानं ऐकून घेतलं आणि प्लॉट घेतला. कोल्हे कधीच गेले. आज तिथं मोठा रस्ता आहे, भामाबाईंचं दुमजली घर आहे आणि मुलगा इंजिनिअर आहे.

मार्तंडरावांनी काय केलं? नळ आला होता, म्हणाले, आड आता पुजायचाय का? जुनं स्वयंपाकघर पाडलं, त्याच्याच विटामातीनं आड भरला आणि परसभर सहा खोल्या ओढल्या. चंद्रप्रभाबाईंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी भामा घागरी घेऊन आली. भर पडलेली बघितली आणि माघारी गेली. पुन्हा आली नाही. यायला निमित्तच उरलं नव्हतं. बाईंनीही बोलावलं नाही. तिला पाण्याला येऊ द्यायची रीत त्या घरानं पाडली होती, चहाला बोलवायची नव्हती. पण वर्षानुवर्षं सकाळी जाग आली की बाईंचे कान परसाकडं लागायचे. तिकडून भाडेकऱ्यांचे रेडिओ ऐकू यायचे.

खोल्या मात्र कधी रिकाम्या राहिल्या नाहीत. कारकून गेले तर बारावीची पोरं आली, पोरं गेली तर मेडिकलच्या शिकवणीच्या पोरी आल्या, कॉट बेसिसवर. आणि मग सोळा सालचा उन्हाळा. नळ महिना-महिना कोरडा, बोअर गेलेला, टँकरची वाट बघता बघता डोळे पांढरे व्हायची पाळी. खोली बघायला येणारा आधी पाणी विचारायचा, मग भाडं. पाच खोल्या रिकाम्या झाल्या. चार नंबरमधली हदगावची शिवकन्या तेवढी उरली, तिनंही बॅग भरली. "काकू, सोमवारपर्यंत पाण्याचं बघा, नाहीतर मी जाते."

बाईंना आड आठवला. मलप्पा गवंड्याला बोलावलं. त्यानं दोन नंबरच्या खोलीतली फरशी फोडली, खाली निव्वळ मुरूम. "आधी जागा दाखवा बाई, मग कुदळ मारतो." जागा कशी दाखवणार? बाईंना आड ठाऊक होता तो स्वयंपाकघराच्या दारातून, आणि ते दारच आडात गेलेलं. जागा सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं.

बाई रिक्षा करून गेल्या. भामाबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, केस पांढरेफेक. ओळखायला वेळ लागला नाही. "वैनी?" म्हणत उठल्या. तुझी फार आठवण येते गं, हे बाईंच्या ओठावर होतं; तोंडातून निघालं, "आड कुठं होता ते आठवतं का तुला?" भामाबाईंनी पायात चपला घातल्या. "चला."

घराशी आल्यावर पुढच्या दारातच त्या थबकल्या. "हितून मला काय कळंल? हिकडून म्या कधी आले होते?" वळसा घालून मागच्या बोळात गेल्या. बोळाच्या तोंडापासून भिंतीच्या कडेनं पावलं मोजली, थांबल्या, भिंतीवर हात ठेवला. "हितं दार होतं. हितून सरळ आत चार पावलं." ती भिंत चार नंबरच्या खोलीची निघाली. शिवकन्येची कॉट बाजूला ओढली, मलप्पानं फरशी उचकटली. माती भुसभुशीत होती. दोन हातांवर चुलीची काळी वीट वर आली. मलप्पा म्हणाला, पाण्याचं देवाला ठाऊक, पण आड हाच.

चंद्रप्रभाबाईंना भरून आलं. "भामा, पाणी लागलं की पहिली घागर तुझी. येशील ना?"

"माझ्याकडं टँकर येतो वैनी." भामाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "पाण्यापायी दहा वर्षं आले की म्या. आता न्हाई लागलं पाणी, तरी बोलवा कधी."

बाईंनी कॉटवरची पुस्तकं गोळा करून शिवकन्येच्या हातात दिली, चादर झटकली आणि भामाबाईंचा हात धरून त्यांना बसवलं. आल्या माणसाला बैस म्हणायचं असतं, हे सुचायला त्यांना चव्वेचाळीस वर्षं लागली.