मदर स्टिल अलाइव्ह

"हे कसलं इंग्रजी?" असं म्हणून मी तारेचा फॉर्म सुमनकडे परत सरकवला.

मन्नाएखेळ्ळीच्या पोस्टात मी तारमास्तर होतो. म्हैसूर राज्याचं नुकतंच कर्नाटक झालं होतं. सुमन समोरच्या आळीतल्या मारुतीअप्पांची मुलगी, मॅट्रिकला बसलेली. आई अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले. भाऊ दिगंबर मिलिटरीत, झाशीला. त्याला बोलवायचं होतं. पोरीनं फॉर्मवर लिहिलं होतं, 'मदर स्टिल अलाइव्ह, कम.' आई अजून जिवंत आहे, ये.

इंग्रजीत खोट नव्हती. पण अशी तार मी जन्मात पाठवली नव्हती. आमचं वाक्य ठरलेलं: 'मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली.' माणूस गेलं तरी तारेत तसं कोणी लिहीत नसे. परमुलखात एकट्यानं ते वाचायचं कसं, म्हणून 'सिरियस'च लिहायचं. घेणारा काय ते समजून घ्यायचा.

"मास्तर, तेच तर," सुमन म्हणाली. "सिरियस वाचलं की दादा समजंल, आई गेली म्हणून. ती तर वाट बघायलीय."

"अगं, आई जिवंत आहे म्हणून कोणता साहेब रजा देतो? तारा मी पाठवतो की तू?"

सोबत आलेले मारुतीअप्पा तिलाच म्हणाले, "गप बस बाई. मास्तरला कळतंय."

मी तिच्या ओळीवर काट मारली, वर आमचं वाक्य लिहिलं आणि तार पाठवून दिली.

सहाव्या दिवशी दिगंबर पोस्टात आला. डोकं भादरलेलं. त्याला रजा वाढवून मागायची होती.

"आधीची रजा लगेच मिळाली ना?" मी विचारलं. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती.

"व्हय मास्तर. तार वाचली अन् समजलो, आई गेली. आता पळून काय उपेग? म्हणून वाटंत कडगंचीला उतरलो, मामाकडं. एक दिस थांबून त्याला दिवसकार्याला संगं घेतलो. दुपारी घरी आलो तर आई दारात निजवलेली. अप्पावर वरडलो, आजून कामून ठिवलाव हिला? तवा सुमी म्हणली, दादा, सकाळीच गेली. शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती."

मला त्याच्याकडे बघवेना. "सुमननं दुसरं लिहिलं होतं," मी म्हणालो. "मी खोडलं."

त्यानं कोरा फॉर्म माझ्यापुढे केला.

"तुमीच लिवा. पर ह्या टायमाला गेली म्हणूनच लिवा. न्हाईतर साहेब समजंल, आजून हाय."

'मदर एक्स्पायर्ड' असं मी लिहिलं.

पुढे रिटायर होईपर्यंत प्रत्येक फॉर्म घेताना मी आधी विचारायचो, "वाचणारा काय समजेल?" लोकांना वाटायचं, मास्तर फार काळजी घेणारा माणूस. त्या दिवशी तर मला विचारायचीही गरज नव्हती. सुमननं ते आपणहून सांगितलं होतं.