साडूच्या पिशवीतली पानं

माझा साडू सतीश गांजा ओढतो, हे मी वाशी तालुक्यातल्या माझ्या सासुरवाडीत, भर अंगणात, नव्या ट्रॅक्टरच्या पूजेआधी जाहीर केलं.

त्याला कारण होतं. घरात मोठी वस्तू आली की नारळ थोरल्या जावयानं फोडायचा, ही तिथली रीत, आणि थोरला जावई मी. (सतीश धाकट्या मेहुणीचा नवरा.) विहिरीच्या मोटारीचा नारळ मी फोडला, फ्रिजचाही मीच. पण आदल्या संध्याकाळी सासूबाई सहज म्हणाल्या की, उद्या वाशीहून ट्रॅक्टर सतीशराव चालवत आणणार आहेत, तर नारळही त्यांनाच फोडू द्यावा. जळून जळून मला रात्रभर झोप लागली नाही.

त्यात नुकतंच मी शिकवतो त्या शाळेत नशामुक्तीवर व्याख्यान झालेलं. गांजा ओढणारा ओळखायचा कसा? डोळे लाल, तोंडाला कोरड, खा खा सुटते, उगाच हसू येतं, उगाच संशय येतो, आणि वास लपवायला अत्तर. शिवाय पडद्यावर त्या पानाचं चित्र, हाताच्या बोटांसारखं फाकलेलं.

दुपारी सतीश ट्रॅक्टर घेऊन आला. डोळे लाल! अत्तराचा घमघमाट! मोबाइलमध्ये बघून एकटाच हसत होता आणि जेवायला बसला तो उठेचना. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मी गुपचूप त्याची पिशवी उघडली. आत कागदात बांधलेली वाळकी पानं, अगदी तशीच फाकलेली!

पूजेला सगळं गाव जमलं होतं; पुडकं घेऊन मी अंगणात गेलो आणि सासऱ्यांना म्हणालो, "मामा, नारळ कुणाच्या हातात देताय ते एकदा बघा."

सासूबाईंनी पुडकं घेऊन हुंगलं. "अंबाडी हाय ही. आपल्याकडं औंदा आली न्हाय, म्हणून म्याच मागितली होती."

(अंबाडीची भाजी मी जन्मभर खात आलोय. पण ताटात ती शिजून गोळा होऊन येते. पानाचा आकार कोण बघतो?)

बाकीचाही उलगडा झाला. डोळे रस्त्याच्या धुळीनं लाल होते. सकाळपासून तो उपाशी होता. मोबाइलमधल्या व्हिडिओत त्याची लेक पहिल्यांदाच चालत होती. आणि अत्तर मामांनीच कौतुकानं लावलं होतं. मला का नाही लावलं, हे विचारायचं मी कसंबसं टाळलं.

मेहुणीनं माझ्याकडून सगळी लक्षणं पुन्हा वदवून घेतली आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिली. जागरणानं माझे डोळे लाल, घशाला कोरड, रागाच्या भरात पुरणपोळ्या मोजल्या नव्हत्या, आणि संशयाचं तर सगळ्यांनी नुकतंच पाहिलं होतं.

मामा जवळ आले, हळूच म्हणाले, "जावईबापू, खरं सांगा. तुमी तर घेत न्हाय ना?"

"घेत असते तर कधी हसले तरी असते," माझी बायको म्हणाली.

नारळ सतीशनं एका फटक्यात फोडला. चाकांखाली ठेवायला आणलेल्या लिंबांतलं एक उरलं होतं. सासूबाईंनी ते पाण्यात पिळलं, "काही असलं तर उतरंल," म्हणून तांब्या माझ्यापुढं धरला, आणि सगळ्या गावासमोर थोरल्या जावयानं आपला मान घटाघटा पिऊन टाकला.