शेऱ्याचा रकाना

मोहिनीला कुणी म्हणालं, केस तुला वकिलानं जिंकून दिली, की ती मान हलवते. वकील चांगला होता, ठाण्यातल्या पोलीसबाईंनीही जीव लावून कागद केले. ती सगळ्यांची नावं घेते, पण पहिलं घेते ते आप्पाराव ड्रेसरचं.

आता आप्पाराव काही माणसांच्या दवाखान्यातले नव्हेत. जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे, लस टोचणारे. तीस वर्षं मोटरसायकलला लशीचा डबा बांधून केजच्या आसपासच्या वस्त्या पालथ्या घातलेला माणूस. तोंडानं फटकळ. एकदा लस उरली म्हणून साहेबानं चारचौघांत झापलं होतं. तेव्हापासून एक मेंढी जरी टोचायची राहिली, तरी का राहिली ते रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात लिहायचे. ‘मेंढी पळाली’, ‘मालक भांडला’, असले शेरे! दवाखान्यातले लोक वाचून हसायचे.

एका उन्हाळ्यात ते अंगदच्या वस्तीवर लस टोचायला गेले. अंगद म्हणजे मोहिनीचा नवरा. आदल्याच दिवशी त्यानं काठीनं तिचा हात मोडला होता. कारण काय, तर भाकरी गार! नऊ वर्षं हेच चाललेलं, कारणं तेवढी बदलायची. अन् हा बहाद्दर स्वतः बाजेवर तंबाखू मळत बसला आणि मेंढ्या धरायला पाठवलं हिलाच. एका हातानं तिनं बारा मेंढ्या धरल्या. तेराव्या मेंढीनं हिसका दिला, तशी ती मटकन खाली बसली. आप्पारावांनी सुई ठेवून हात बघितला, हळूच काहीतरी विचारलं आणि नऊ वर्षं गिळलेलं तिच्या तोंडून निघून गेलं. आप्पाराव तिच्या सासूवर, दगडाबाईवर, खेकसले, “हात मोडलाय हिचा, दवाखान्यात न्या आधी!” मग रजिस्टर उघडून काहीतरी खरडलं आणि गाडीवर बसले.

दवाखान्यात दगडाबाई पुढं. डॉक्टरांनी विचारायच्या आत म्हणाली, “पायरीवरून पडली.” मोहिनीनंही मान डोलावली. जायचं परत त्याच घरात होतं ना तिला! कागदावर तेच उतरलं.

पुढच्या वर्षी अंगदनं तिचं डोकं फोडलं, तेव्हा मात्र ती जीपमध्ये बसून थेट ठाण्यात गेली आणि तिथून माहेरी, लिंबागणेशला. केस उभी राहिली. कोर्टात अंगदच्या वकिलानं दवाखान्याचा तो जुना कागद नाचवला. हात पडून मोडला, तसं डोकंही पडूनच फुटलं असणार. वस्तीवरचे साक्षीदार एकेक करून फिरले. “आमी काय बघितलं न्हाई.” मेल्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं! केस गेली तर लोक तिलाच लबाड ठरवून परत अंगदच्या दारात उभं करणार, हे मोहिनीला दिसत होतं.

तेव्हा तिला आप्पारावांचं ते खरडणं आठवलं. तिनं सरकारी वकिलांना सांगितलं. त्यांनी रजिस्टर मागवलं, आप्पारावांना समन्स काढलं. निवृत्त झालेले आप्पाराव इस्त्रीचा सदरा घालून आले आणि आपलाच शेरा त्यांनी मोठ्यानं वाचला, “बारा टोचल्या, सात राहिल्या. धरणाऱ्या बाईचा हात मोडलेला. काल नवऱ्याने काठीने मारल्याचे सांगते.”

अंगदचा वकील उसळला, “तुम्ही जनावरांचे. बाईच्या हाताचं तुम्हाला काय कळतं?”

“मेंढीचा पाय असा लोंबकळताना बघितला असता, तर तुमालाबी कळलं असतं, साहेब.”

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशांनी ती थांबवली आणि शेरा शब्द न् शब्द लिहून घेतला. अंगदला दोन वर्षांची शिक्षा झाली.

मोहिनी पेढे घेऊन आप्पारावांच्या घरी गेली. पाया पडायला वाकली, तसे ते मागं सरकले.

“वाकू नगं, पोरी. लस उरली ती माझ्यावर येऊ न्हाई म्हणून लिवलं मी. अन् किक मारून निघून गेलतो. तवाच ठाण्यात गेलो असतो तर तुझं डोकं तरी वाचलं असतं.”

मोहिनीचे डोळे भरून आले. पेढा त्यांच्या हातावर ठेवत ती म्हणाली, “काका, मला समदे इचारायचे, तू काय केलंतं, कावून मारलं त्यानं? तुमी इचारलं, लई दुखतंय का. नऊ सालात असं इचारणारे तुमी पयले.”